आभाळातलं भुसावळ

नागपूरहून मुंबईला जाणारं विमान मी भुसावळमार्गे नेलं. मी तेव्हा कारंज्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. हे मी पोरांना सांगितलं असतं तर निभावलं असतं, कारण पोरं परीक्षा झाली की विसरतात. पण मी ते सांगितलं इंझोरीच्या शेषराव ढोके यांना, आणि शेषरावभाऊ विसरणाऱ्यांतले नव्हते.

"मले इसरायची बिमारीच नाई," असं ते स्वतःच म्हणत. आपली तब्येत ठणठणीत आहे हे माणूस ज्या अभिमानानं सांगतो, त्याच अभिमानानं.

भाऊ म्हणजे इंझोरीचे चांगले जमीनदार. कारंज्यात त्यांचं एक दुमजली घर होतं. खाली ते बाजाराच्या दिवसांत येऊन राहत, वर माडीवर मी भाडेकरू. उंच, काटक अंग, वर वळवलेल्या मिशा आणि खांद्यावर पांढरा दुपट्टा. त्या दुपट्ट्याच्या एका टोकाला कायम गाठी असायच्या. मी साताऱ्याकडून नवाच आलेला. मला वाटलं, गाठीत सुपारी असेल. भाऊंच्या पत्नी गोदाकाकूंनी एकदा दुपट्टा वाळत घालताना खुलासा केला. ज्यानं कुणी भाऊंचा अपमान केला, त्याच्या नावाची एक गाठ. हिशेब चुकता झाला की सुटायची. काकू म्हणाल्या, "यायच्या दुपट्ट्यात कपडा कमी अन् मानसंच जास्त हायेत, मास्तर भाऊ."

हिशेब चुकता करण्याची त्यांची रीतही निराळी. शिवीगाळ नाही, मारामारी नाही. कारंज्यातल्या एका शिंप्यानं त्यांची बंडी शिवताना डावी बाही आखूड केली आणि वर म्हणाला, तुमचा हातच लांब आहे. दुसरा कुणी बंडी परत करता. भाऊंनी ती घातली. दर बाजाराच्या दिवशी ती बंडी घालून ते बरोबर त्या शिंप्याच्या दुकानासमोर उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डावा हात वर करून रामराम घालत. कुणी विचारलं तर दुकानाकडे बोट दाखवून म्हणत, "यायच्या हातचं काम हाये." बंडी विटली, विरली, तरी बाजाराच्या दिवशी अंगावर तीच. शेवटी शिंपी दारव्ह्याला निघून गेला. त्या संध्याकाळी एक गाठ सुटली आणि काकूंनी बंडीचं पोतेरं केलं.

निर्जीव वस्तूही सुटत नसे. इंझोरीच्या वाटेवर एका दगडानं त्यांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, उलटवली, तर तो दगड त्यांनी उचलून घरी आणला आणि उकिरड्यात पुरला. म्हणाले, "पडून राह्य आता शेनात."

जीव मात्र होता त्यांचा एकाच गोष्टीवर, शंकरपटाच्या बैलजोडीवर. सोन्या आणि लाख्या. आसपासच्या पटांत ही जोडी धावली की दुसऱ्यांनी मागूनच पाहायचं. कुणी भाऊंना विचारलं, अमुक गाव किती लांब, तर ते आधी विचारत, "माझ्या जोडीनं का दुसऱ्याच्या?" मैल, कोस हे त्यांच्या लेखी दुबळ्या बैलवाल्यांचे शब्द.

आता भुसावळकडे येतो.

भाऊंची सासुरवाडी केनवडची, इकडच्या मालेगावच्या पुढं. घरात दोन जावई. भाऊ थोरले. धाकटे मनोहरराव, अकोल्याला एका जिनिंगमध्ये मॅनेजर. बोलायला गोड, केसांना तेल, तोंडात पान. सासूबाई गयाबाई. त्यांच्या घरी एक पितळी फुल्यांचा पाट होता. पंगतीत तो नेहमी पहिल्या जागी मांडायचा आणि त्यावर थोरल्या जावयानं बसायचं, अशी रीत. लग्न झाल्यापासून भाऊ त्या पाटावर बसत आले होते. सासऱ्यांच्या माघारीही रीत मोडली नव्हती.

मग राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, आणि आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी मुंबई आली. कुणाचा अर्ज मुंबईला, कुणाची दाद मुंबईला. मनोहररावांचं जिनिंगचं काम निघालं आणि ते मुंबईला जाऊन आले. आल्यावर त्यांनी जाहीर केलं, आपण नागपूरहून विमानानं गेलो. जेमतेम अडीच तासांत मुंबई.

त्या दिवाळीला केनवडला गयाबाईंनी पितळी फुल्यांचा पाट मनोहररावांना दिला. म्हाताऱ्या बाईला विमानात बसलेला माणूस म्हणजे देवाच्या पंक्तीतला वाटला. भाऊ साध्या पाटावर बसले. जेवले नाहीत असं नाही. जेवले, पण पुरणपोळीवर तूप घेतलं नाही. कारंज्याला आले ते दुपट्ट्याला नवी गाठ घेऊनच. आल्या आल्या जिना चढून माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, इमानाले नागपूर ते मुंबई किती येळ लागते?"

मी नवा. इकडे विमानाला इमान म्हणतात हे मला कुठं माहीत! मी सातारी कानानं इमान म्हणजे सचोटी असं ऐकलं. वाटलं, काय खोल प्रश्न विचारला या माणसानं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, इमानाला वेळ लागतोच, भाऊ. नागपूर असो की मुंबई. एका पिढीत येत नाही ते.

भाऊ बुचकळ्यात पडले. "एक पिढी? मंग आमचा साडू अडीच घंट्यात कसा गेला?"

घोटाळा उलगडला तेव्हा आम्ही दोघं हसलो. ते भाऊंचं माझ्याबरोबरचं शेवटचं हसणं. मी लागलीच शाळेतून भिंतीवरचा नकाशा आणला आणि माडीवर पसरला. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारी त्यावर एकच रेघ ठळक होती. ती काळी, रेल्वेची. मी दोरा ओला केला, त्या रेघेवर वळणावळणानं बसवला, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड करत मुंबईला टेकवला आणि मापला. सव्वापाचशे मैल. विमानाचा वेग एका जुन्या पुस्तकात होता, ताशी शंभर मैल. भागाकार केला आणि छाती काढून सांगितलं, सव्वापाच तास. अडीच तास ही शुद्ध थाप.

"नक्की?"

"शपथेवर."

भाऊंच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी आजही विसरलेलो नाही. मलाही तेवढीच बिमारी नाही.

धोंड्याचा महिना आला. जावयांना सासूकडून धोंड्याचं जेवण. भाऊ मला साक्षीदार म्हणून केनवडला घेऊन गेले. वकील असतो तसा मी, नकाशा गुंडाळून काखेत घेतलेला. पंगत बसली. पितळी फुल्यांच्या पाटावर मनोहरराव. भाऊ उभे राहिले आणि भावकीसमोर म्हणाले, साडू इमानात बसल्याचं सांगतो, पण त्याच्यात इमान असंल तवा ना. इमानाले सव्वापाच घंटे लागते, हे भूगोलाचे मास्तर सांगून राह्यले. मी चुकलो तर तो पाट पुन्हा मागनार नाई.

मी नकाशा उलगडला. ओल्या दोऱ्याचा ठसा अजून होता.

मनोहररावांनी वाकून पाहिलं, बोट ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मास्तर, हे भुसावळ ना? आभाळात कुठी असते हो ते?"

पंगतीतल्या माना नकाशाकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, कोळसा भराले थांबत असंन इमान. कुणी म्हणालं, तिथं केळं बी भेटते. हसता हसता वाढणाऱ्या बायांच्या हातून कढी सांडली. तेव्हा मला लख्ख दिसलं की रेल्वे डोंगर टाळत वर भुसावळला वळसा घालते, विमानाला वळसा कशाला? वेगही मी जुन्या विमानाचा धरला होता. सरळ दोरा धरला तर अंतर सव्वाचारशे मैल, आणि तो दोरा जातो जवळजवळ आमच्या कारंज्यावरून. ज्या विमानाला मी भुसावळला नेलं ते माझ्या डोक्यावरूनच जात होतं.

मनोहररावांनाही ते ठाऊक होतं. पान जुळवत ते म्हणाले, "कारंजं लागलं तवा मी खिडकी उघडली, मोठे भाऊ, अन् पान थुंकलो. तुमच्याच कौलावर पडलं असंन."

त्या दिवसापासून केनवडात भाऊंचं नाव पडलं भुसावळवाले जावई.

आम्ही मोटारीनं परत निघालो. शेलूबाजारला त्यांनी दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहत एक गाठ मारली. सावकाश, घट्ट, दातांनी ओढून.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर शिडी लावून कौलावर चढले. आणि डाग होता. माडीच्या खिडकीखाली, तिसऱ्या ओळीच्या कौलांवर, पानाच्या थुंकीचा लालभडक डाग.

तो डाग माझा होता. मी माडीवर राहायचो, पान खायचो, आणि पिकदाणी घेण्याची ऐपत असून आळस होता. खिडकी होती, खाली कौलं होती. हे मी तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण एक भुसावळ पचत नव्हतं, त्यावर दुसरं कुठं घेऊ? मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, काय नेम साधला हो.

भाऊंनी तो डाग धुऊ दिला नाही. म्हणाले, बदला होईस्तवर राहू दे.

आता माझा हिशेब सुरू झाला. बाजाराच्या दिवशी, माझ्या विद्यार्थ्यांचे बाप आजूबाजूला असताना, ते मला हाक मारून विचारत, मास्तर, या दुकानातून त्या दुकानात जायाले भुसावळ लागते का? आठवड्याभरात शाळेच्या फळ्यावर भुसावळ उमटलं. हेडमास्तर नियोजनाच्या सभेत मला भुसावळकर म्हणून बसले आणि मग माफी मागितली, त्यामुळे ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

मग एकदा त्यांनी मला इंझोरीला हुरड्याला बोलावलं. मला वाटलं, राग निवळला. त्यांनी सांगितलं, अमुक फाट्यावर उतरा, तिथून शेत हाकेवर हाये. मी उतरलो. हाका मारल्या. चालू लागलो. वाटेत जो भेटे तो म्हणे, शेषरावभाऊचं शेत? ते तर पार पल्याडच्या अंगाले. पायात काटे, धोतराला कुसळं अशा अवस्थेत मी पोचलो तेव्हा आगटी विझली होती, पाहुणे ढेकरा देत होते आणि माझ्या वाटेला उरला होता लसणाच्या चटणीचा रिकामा द्रोण. भाऊ बाजेवरून म्हणाले, "या मास्तर. म्हटलं, सरळ रस्त्याची तुमाले सवय नाई, म्हनून वळशाचा सांगितला."

तिसरा घाव खोल होता. अमरावतीचं एक स्थळ मला सांगून आलं. मुलगी मी पाहिली होती आणि, आता सांगायला हरकत नाही, मला ती फार आवडली होती. तिचे वडील घरमालक म्हणून भाऊंकडे चौकशीला आले. भाऊंनी त्यांना चहा पाजला, माझी तारीफ केली, निर्व्यसनी म्हणाले, मनमिळाऊ म्हणाले. निरोप देताना जोडलं, "फक्त वरात कुठून कुठं नेईन ते सांगता येत नाई. अमरावतीहून कारंजाले निघालेली पोरगी भुसावळात उतराची." मग साग्रसंगीत सगळी कथा सांगितली. वडील हसत हसत गेले आणि परत आले नाहीत. मुलीचं लग्न पुढं एका स्टेशनमास्तराशी झालं. तो कुठल्या स्टेशनवर होता ते मी विचारलं नाही. भीती वाटली.

मी विचार केला, आता माझ्याही काही गाठी सुटल्या पाहिजेत. दुपट्टा माझ्याकडे नव्हता, पण खिडकी होती.

मी तो डाग विटू दिला नाही. मधूनमधून, भाऊ इंझोरीला गेले की, एक पान खाऊन नेमानं ताजा करायचो. भाऊ येत, अंगणातून वर पाहत आणि दात खात. पावसाळा गेला तरी डाग होताच. भाऊ काकूंना म्हणाले, "पाह्य. पान्यानं बी जात नाई. असं जहर हाये त्या मानसात." मी माडीवर तोंडात धोतराचा बोळा कोंबून हसलो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे महिने.

पण डाग जसजसा टिकला, तसतशी भाऊंची झोप उडाली. केनवडला धाकट्या मेव्हण्याचं लग्न ठरलं होतं. पुन्हा पंगत, पुन्हा तो पाट. एका सकाळी अंगणात दमणी उभी होती आणि जोडी नव्हती. सोन्या आणि लाख्या भाऊंनी मंगरुळच्या एका पटवाल्याला विकले होते. काकू दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "त्या पैशानं इमानात बसाले गेले."

त्या दिवशी मला पान खाववलं नाही. मी उचललं, खिडकीशी गेलो, आणि परत ठेवलं.

भाऊ आले ते चार दिवसांनी, मेल गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून छोट्या लाइनीनं. अंगावर कोळशाची भुकटी, डोळे लाल, पण चालण्यात पटाच्या बैलाची ऐट. मी विचारलं, वरून काय दिसलं? आपलं कारंजं दिसलं का?

"कोन पाह्यलं? मी खिडकीच पाहून राह्यलो होतो." आणि यापलीकडे काही सांगेनात. फक्त म्हणाले, लग्नाले तुमी याच. हरलो तवा तुमी होते.

केनवडला मांडवात पंगत मांडली होती. पितळी फुल्यांचा पाट पहिल्या जागी, त्यावर मनोहरराव मांडी घालून. भाऊ शेजारच्या साध्या पाटावर बसले आणि वरणभात कालवता कालवता लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "मनोहरराव, इमानाच्या खिडकीले कडी कोन्या बाजूनं असते हो?"

"उजव्या," मनोहरराव म्हणाले.

"अन् उघडली का वारा लागते?"

"लई. डोळ्यातून पानी येते."

भाऊंनी घास ठेवला. "मी परवा बसून आलो. त्या खिडकीले कडीच नाई. काच जुडवलेली असते. इमानातल्या पोरीले मी तीनदा इचारलं, बाई, उघडत नाई ना? तिले वाटलं म्हातारा भेला. मी भेलो नव्हतो. मले तुमचं तोंड दिसून राह्यलं होतं."

 मनोहररावांनी पाण्याचा गडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. भाऊंनी त्यांना सोडलं नाही. मंग कोन बसलं होतं इमानात, हे सगळ्याईच्या समोर सांगा म्हणाले. मनोहररावांनी सांगितलं. विमानात जिनिंगचे शेठ बसले होते. शेठची पेटी आणि बिस्तरा घेऊन मनोहरराव आदल्या दिवशीच मेलनं पुढं गेले होते आणि मुंबईच्या विमानतळावर हजर होते. अडीच तास त्यांना शेठकडून कळले.

"मेलनं म्हंजे कुठून गेले?" भाऊंनी विचारलं.

मनोहरराव ताटाकडे पाहत म्हणाले, "भुसावळवरून."

हसणं या वेळी मांडवाबाहेर ऐकू गेलं. मनोहरराव उठले. गयाबाईंनी पदरानं पाट पुसला आणि म्हणाल्या, "कोनी बी बसा, पन बसा बाप्पा. भात थंडा होऊन राह्यला." भाऊ पाटावर बसले. पुरणपोळीवर त्यांनी तूप मागून घेतलं, आणि नंतर पुन्हा मागून घेतलं.

संध्याकाळी आम्ही दोघं केनवडच्या फाट्यावर मोटारीची वाट पाहत उभे होतो. पूर्वी या लग्नांना भाऊ स्वतःच्या दमणीतून यायचे आणि फाट्यावरच्या मोटारींना मागं टाकायचे. आता त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती. रस्त्यानं कुणाची तरी सुस्त बैलगाडी गेली. बैल अगदीच मरतुकडे होते, पण भाऊ ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.

मग त्यांनी दुपट्ट्याचं टोक पुढं घेतलं आणि मनोहररावांची गाठ सोडली. तिच्या शेजारची माझी. तीही नखानं सैल करू लागले. म्हणाले, जाऊ द्या मास्तर, झालं गेलं. तुमी बी लई भोगलं. मला भरून आलं. मी लग्नातला विडा तोंडात घोळवत मान हलवली.

भाऊंची नखं थांबली.

"खिडकी उघडत नाई," ते स्वतःशीच म्हणाले. "तो तर बसलाच नाई. मंग आपल्या कौलावरचा डाग..."

त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे. मी घाईनं विडा गिळला, म्हणजे गिळायला गेलो आणि ठसका लागून लाल पिंक माझ्याच सदऱ्यावर आली. भाऊ काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोक्यात माडी, खिडकी, तिसरी ओळ, पावसाळा असं एकेक स्टेशन येत असणार, कारण सोन्या आणि लाख्याशी ते पोचले तेव्हा चेहरा बदललेला मला दिसला. सैल झालेली गाठ त्यांनी पुन्हा ओढली. तिच्यावर दुसरी मारली. सावकाश, दातांनी.

मोटार आली. पायरीवर पाय ठेवून ते मागं वळले.

"मास्तर, उभ्या जिंदगीत एकच गोष्ट तुमी सरळ लाइनीत नेली. ते बी थुंक."